हायड्रोजनची गाडी आणि बोरगावचा हिशेब

पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली त्याला आता काही वर्षे झाली. तेव्हापासून वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या कुठल्याही पानठेल्यावर गाड्यांचा विषय निघाला की चार नावे हमखास येतात: सीएनजी, इथेनॉल, बॅटरी आणि हायड्रोजन. पहिल्या तिन्हींबद्दल बोलणाऱ्याच्या गाठीशी काही ना काही अनुभव असतो. कुणाच्या भाच्याने नागपुरात सीएनजीची गाडी घेतलेली असते, कुणाची जुनी मोटारसायकल इथेनॉलच्या पेट्रोलवर कुरकुरत असते, कुणी बॅटरीची स्कूटर रात्री व्हरांड्यात चार्जिंगला लावून झोपतो. हायड्रोजनची गाडी मात्र कुणीच चालवलेली नसते. म्हणून तिच्याबद्दलची मते सगळ्यांत ठाम. एक म्हणतो, पाण्यावर चालणारी गाडी कधीचीच निघाली आहे, तेल कंपन्यांनी दाबून ठेवली. दुसरा म्हणतो, तो चालता बॉम्ब आहे, नादी लागू नका.

ही पुस्तिका या दोघांसाठी आहे. हायड्रोजनवर गाडी चालते का, हा प्रश्न केव्हाच सुटला. चालते, आणि छान चालते. उरलेला प्रश्न व्यवहाराचा आहे: वर्ध्यासारख्या जिल्ह्यात, इथल्या विजेवर, इथल्या उन्हात आणि इथल्या पगारात ती तेलाची जागा घेईल का? पुढची प्रकरणे या प्रश्नाचा एकेक पदर सोडवतात. त्याआधी हा हिशेब मांडायचा कसा, एवढेच या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

असा हिशेब मांडायला वर्ध्याइतके योग्य ठिकाण शोधून सापडणार नाही. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि कारभार जे. सी. कुमारप्पांच्या हाती होता. रॉकेलवर जळणारे कंदील गावोगाव पोचले होते आणि त्या रॉकेलपायी खेड्यातला पैसा बाहेर जात होता. मगनवाडीने त्यावर मगनदीप काढला. गावातच निघणाऱ्या, खाण्यात न येणाऱ्या तेलावर जळणारा दिवा. खनिज तेलाला पर्याय शोधण्याचा उद्योग वर्ध्यात असा जुना आहे. कुमारप्पांनी तुरुंगात असताना लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकात त्याला विचाराची बैठकही दिली. कोळसा, खनिज तेल ही साठ्याची संपत्ती. उपसली की संपते आणि तिच्यावरून देश एकमेकांच्या उरावर बसतात. दुसरी प्रवाहाची संपत्ती. ती निसर्ग फिरून फिरून देत राहतो. कुठल्याही नव्या इंधनाला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: तू साठ्यातले की प्रवाहातले?

हायड्रोजनला हा प्रश्न विचारला की तो गप्प बसतो, कारण तो दोन्हींपैकी एकातही आपणहून बसत नाही. पृथ्वीवर मोकळा हायड्रोजन हाताशी लागेल असा फारच थोडा आहे. जो आहे तो पाण्यात ऑक्सिजनशी किंवा नैसर्गिक वायूत आणि तेलात कार्बनशी घट्ट बांधलेला. ती गाठ सोडवायला ऊर्जा खर्च करावी लागते, आणि नंतर गाडीत त्याच ऊर्जेचा काही भाग परत मिळतो. हायड्रोजन विहीर नाही, रांजण आहे. रांजणातले पाणी गोड की मचूळ, हे ते कुठून भरले त्यावर ठरते. हे एक वाक्य ध्यानात ठेवले तर 'पाण्यावर चालणारी गाडी' हा भ्रम आपोआप गळून पडतो. पाणी हे हायड्रोजन जळून गेल्यावर उरलेली राख आहे. राखेवर चूल पेटत नाही.

आज भारतात वर्षाकाठी साठ लाख टनांच्या आसपास हायड्रोजन वापरला जातो. त्यातला बहुतेक सगळा तेलशुद्धीकरणात आणि खतांच्या कारखान्यांत खपतो. आपल्या शेतात पडणारा युरिया ज्या अमोनियापासून होतो, त्या अमोनियातही हायड्रोजन आहे. आरसीएफ या खत कंपनीच्या अलिबागजवळच्या थळ येथील कारखान्यात तो नैसर्गिक वायूपासून काढतात. या रीतीने एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे हा रांजण साठ्यातूनच भरलेला. पाण्याचे विघटन सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेने केले तरच तो प्रवाहातला होतो. त्यालाच सरकारी कागदांत हरित हायड्रोजन म्हणतात.

विजेने पाणी फोडण्याची गोष्टही आपल्याला नवी नाही. पंजाबातल्या नांगलच्या खत कारखान्यात १९६० च्या दशकात भाक्राच्या जलविद्युतेवर मोठ्या प्रमाणात हायड्रोजन काढत. स्वस्त वीज मुबलक होती तोवर ते जमले. पुढे तीच वीज शेतीला आणि शहरांना हवी झाली, तुटवडा पडला आणि तो मार्ग मागे पडला. यंत्रात खोट नव्हती. विजेला त्याहून चांगले गिऱ्हाईक भेटले होते. हायड्रोजनच्या गाडीचे भवितव्य तपासताना नांगलची आठवण ठेवावी.

गाडीत हायड्रोजन जाळण्याचाही इतिहास जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा सर्व्हिस मोटारींच्या मागे कोळशाची भट्टी बसवत. ड्रायव्हर किंवा क्लीनर सकाळी उठून भट्टी पेटवी, पंखा फिरवून निखारे फुलवी, आणि निघालेल्या वायूवर मोटार घाट चढे. तो वायू म्हणजे प्रामुख्याने कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन आणि काही टक्के हायड्रोजन. आपल्या आजोबांनी हायड्रोजनवर प्रवास केला होता तो असा, धुरात डोळे चोळत. पेट्रोल परत मिळू लागताच त्या भट्ट्या भंगारात गेल्या.

अलीकडच्या आश्वासनांचा हिशेबही एकदा मांडून ठेवू. केंद्र सरकारने राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळ स्थापन केले आणि रतन टाटा यांच्या अध्यक्षतेखालच्या सुकाणू गटाने मार्गनकाशा तयार केला. २००६ च्या त्या नकाशात २०२० पर्यंत देशाच्या रस्त्यांवर हायड्रोजनची दहा लाख वाहने असतील, असे उद्दिष्ट होते. बनारस हिंदू विद्यापीठात ओ. एन. श्रीवास्तव आणि त्यांचे सहकारी हायड्रोजनवर मोटारसायकल आणि तीनचाकी चालवून दाखवत होते. २०१२ मध्ये महिंद्राच्या 'हायअल्फा' नावाच्या पंधरा हायड्रोजन रिक्षा दिल्लीच्या प्रगती मैदानात फिरल्या. २०२० उजाडले, दहा लाख वाहने आली नाहीत. ही माणसे कमी हुशार नव्हती. वाहन चालवून दाखवणे आणि त्याच्यामागे इंधनाची सगळी साखळी उभी करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले प्रयोगशाळेत होते. दुसऱ्यासाठी पंप, टँकर, कॉम्प्रेसर, मेकॅनिक आणि गिऱ्हाईक एकाच वेळी लागतात.

पहिल्या कामात महाराष्ट्राने चांगली मजल मारली आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांनी २०२० मध्ये देशी फ्युएल सेलवर कार चालवून पाहिली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बस पुण्यात लोकांसमोर आणली. त्याच वर्षी ३० मार्चला नितीन गडकरी टोयोटाच्या 'मिराई' या हायड्रोजन कारमधून संसदेत गेले, तो फोटो विदर्भातल्या घराघरांत पोचला. ही कार भारतात सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळत नाही, ही गोष्ट मात्र फोटोबरोबर पोचली नाही.

या गाडीच्या पोटात काय असते ते थोडे जवळून पाहू. फ्युएल सेल म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीहून फारसा जाड नसलेला पडदा, दोन्ही अंगांनी प्लॅटिनमचा मुलामा दिलेला. एका अंगाला हायड्रोजन सोडतात. प्लॅटिनमवर त्याचे दोन तुकडे होतात: प्रोटॉन पडद्यातून आरपार जातो, इलेक्ट्रॉनला तिथून वाट नसते, म्हणून तो तारेने वळसा घालून जातो. त्या वळशात मोटर बसवली की गाडी चालते. पलीकडे दोघे हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात आणि पाणी होते. एका पडद्यातून एक व्होल्टही धड मिळत नाही, म्हणून मिराईत असे तीनशेवर पडदे चवडीसारखे रचलेले असतात. सायलेन्सरच्या जागी असलेल्या नळीतून दर शंभर किलोमीटरला सुमारे नऊ लिटर पाणी निघते, काही वाफेत, काही थेंबाथेंबाने. धूर नाही, खडखड नाही. मात्र हायड्रोजन ९९.९७ टक्के शुद्ध लागतो आणि आत घेतलेली हवाही गाळून घ्यावी लागते. रस्त्याचे काम चालू असताना वर्धा-नागपूर मार्गावर उडणारी धूळ ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना या अटीचे वजन कळेल.

आता टाकी. वजनाच्या हिशेबाने हायड्रोजनसारखे इंधन नाही: एका किलोत सुमारे ३३ युनिट ऊर्जा, पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट. पण तो एक किलो नेहमीच्या दाबाला अकरा घनमीटर जागा व्यापतो, म्हणजे एक छोटी खोली. म्हणून त्याला ७०० बारपर्यंत, हवेच्या दाबाच्या सातशेपट, दाबून भरतात. सीएनजीच्या सिलिंडरमधला दाब २०० बार असतो, यावरून अंदाज यावा. मिराईच्या तीन टाक्यांत मिळून ५.६ किलो हायड्रोजन मावतो आणि त्या कार्बन फायबरच्या टाक्यांचे वजन त्याच्या कितीतरी पट असते. एवढ्यावर ती कागदोपत्री ६५० किलोमीटर जाते. रोजच्या वापरात किलोला शंभर किलोमीटर धरले तर फार चूक होणार नाही.

भरायला पाचेक मिनिटे लागतात, आणि हेच या गाडीचे सर्वांत मोठे आकर्षण. पण त्या पाच मिनिटांमागे काय काय उभे असते ते पाहा. इतक्या वेगाने दाबून भरताना वायू तापतो, म्हणून पंपावर तो आधी उणे ४० अंशांपर्यंत थंड करतात. बाहेर मे महिन्यातली वर्ध्याची दुपार, पारा ४५ च्या पुढे. आत उणे ४०. पंच्याऐंशी अंशांचा हा फरक राखायला वीज लागते, कॉम्प्रेसरला वीज लागते, आणि वीज गेली की पंप बंद. पेट्रोल पंपवाला जनरेटरवर निभावून नेतो. इथे जनरेटरही तसाच दणकट लागेल.

पंपापर्यंत वायू आणायचा कसा? लोखंडी नळ्यांच्या ट्रेलरमध्ये साधारण ३००-४०० किलो हायड्रोजन मावतो, म्हणजे सत्तरेक गाड्यांच्या टाक्या. बारा हजार लिटरचा पेट्रोलचा टँकर एका खेपेत तीन-साडेतीनशे गाड्यांची सोय करतो. जे काम आज एक टँकर करतो त्याला चार-पाच अवजड ट्रेलर लागतील, आणि त्यांना बहुधा डिझेल लागेल. जिथे वापर तिथेच हायड्रोजन तयार करणे हा त्यावरचा उपाय. पुस्तिकेतले पाइपलाइन आणि वाहतुकीवरचे प्रकरण या मुद्द्याभोवती फिरते.

विजेचा हिशेब हा या विषयाचा गाभा, म्हणून तो घराच्या छतावरच मांडू. बोरगावातला एक नोकरदार रोज तीस किलोमीटर कार चालवतो असे धरा. हायड्रोजनवर त्याला रोज ३०० ग्रॅम लागेल. एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट आणि दाबून भरायला आणखी तीन-चार युनिट, म्हणजे त्याच्या रोजच्या फेरीला सतरा युनिट. आपल्याकडे एक किलोवॉटचे सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देते. म्हणजे चार किलोवॉटहून अधिक पॅनेल, स्लॅबवर चारशे चौरस फुटांची मोकळी जागा. तेवढेच अंतर बॅटरीच्या कारने कापायला साडेचार युनिट पुरतात: एक किलोवॉटभर पॅनेल, शंभरेक चौरस फूट. एकाच उन्हावर एक गाडी चालवायची की चार, असा हा प्रश्न आहे. हायड्रोजनच्या वाटेने शंभर युनिटमधले तीसेक चाकापर्यंत पोचतात, बॅटरीच्या वाटेने पंच्याहत्तरच्या आसपास. पडद्यांची कारागिरी सुधारेल तसा हा आकडा थोडा वर सरकेल, पण पाणी फोडणे, दाबणे आणि पुन्हा वीज करणे या तीन पायऱ्या पदार्थविज्ञानाने घालून दिल्या आहेत. त्या वगळता येत नाहीत.

आणि वीज छतावरची नसून खांबावरची असेल तर? विदर्भात खांबावरच्या विजेमागे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची कोळशावरची वीजकेंद्रे उभी आहेत. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या विजेने केलेल्या एका किलो हायड्रोजनमागे पस्तीस किलोहून जास्त, म्हणजे किलोमीटरमागे साडेतीनशे ग्रॅमच्या वर. लिटरला अठरा किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी किलोमीटरला १३० ग्रॅमच्या आसपास सोडते. बोरगावात नळीतून स्वच्छ पाणी ठिबकेल आणि धूर कोराडी-चंद्रपूरच्या चिमण्यांतून अडीच-तीनपट निघेल. चंद्रपूरच्या माणसाने ते का सोसावे? केंद्र सरकारने २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची जी व्याख्या ठरवली, तिच्यात किलोमागे दोन किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा आहे, ती याच कारणाने.

पाण्याबद्दल भीती बरीच बोलली जाते. ती मात्र गाडीपुरती अवाजवी आहे. एका किलोला रसायनशास्त्राप्रमाणे नऊ लिटर शुद्ध पाणी लागते, शुद्धीकरण आणि थंडावा धरून त्याच्या दुप्पट-तिप्पट. वर्षाला बारा हजार किलोमीटर धावणाऱ्या कारला वर्षभरात घरावरच्या टाकीच्या दोन-तीन भरण्या. धाम नदीला त्याचे ओझे होणार नाही. मोठ्या कारखान्याची गोष्ट वेगळी. तिथे उन्हाळ्यातला टँकर आठवून प्रश्न विचारायलाच हवेत.

पैशाचे बोलू. २०२५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी हरित हायड्रोजनच्या निविदा उघडल्या, त्यांत किलोला साधारण ३३० ते ४०० रुपयांचे दर आले. शंभर किलोमीटरला एक किलो धरला तर खर्च एवढाच, उलट तेवढ्याच अंतराला साडेपाच लिटर पेट्रोलचे पावणेसहाशे रुपये. वरवर पाहता हायड्रोजन जिंकतो. पण तो दर कारखान्याच्या दारातला आहे. दाबणे, वाहतूक, पंपाची गुंतवणूक, पंपवाल्याचे कमिशन हे सगळे पुढे चढते. शिवाय पेट्रोलच्या दरात कर भरलेला आहे, हायड्रोजनवर तो आज ना उद्या येईलच. आणि बॅटरीची गाडी घरच्या मीटरवर हेच अंतर त्याहून बऱ्याच कमी खर्चात कापते. गाडीच्या किमतीचा तर अजून उल्लेखही केलेला नाही.

सरकारी धोरणेही नीट वाचली तर हेच सांगतात. महाराष्ट्राने जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटींचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. त्यात पहिल्या ५०० प्रवासी वाहनांना किमतीच्या तीस टक्के, वाहनामागे कमाल साठ लाख रुपये अनुदान आहे. साठ लाख हे तीस टक्के असतील असे वाहन दोन कोटींचे होते. सरकारच्या डोळ्यांसमोर बस आहे, आपली मारुती नाही. केंद्राच्या १९,७४४ कोटींच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनमधून मार्च २०२५ मध्ये रस्त्यावरच्या चाचण्या मंजूर झाल्या त्या ३७ बस आणि ट्रकच्या, नऊ पंपांसह. पुणे-मुंबई हा त्यांतला एक मार्ग. काही वाहनांत फ्युएल सेल आहे, काहींत साधे इंजिनच हायड्रोजन जाळते. कार त्या यादीत नाही.

जगाचा अनुभव वेगळा नाही. हायड्रोजन कारचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियात शेलने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले कारसाठीचे सगळे हायड्रोजन पंप बंद केले. उरलेल्या काही पंपांवर किलोचा दर ३६ डॉलरपर्यंत गेला. ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या त्यांच्यावर गाडी दारात आणि पंप शंभर मैलांवर अशी पाळी आली. जुलै २०२५ मध्ये स्टेलँटिस या मोठ्या वाहन कंपनीने हायड्रोजनचा कार्यक्रमच गुंडाळला. पंप नाही म्हणून गाड्या नाहीत, गाड्या नाहीत म्हणून पंप नाही. बॅटरीच्या गाडीने हा तिढा सोडवला, कारण तिचा पहिला पंप प्रत्येकाच्या घरात भिंतीवर आधीच होता.

सुरक्षिततेचे प्रकरण या पुस्तिकेत मुद्दाम मोठे ठेवले आहे. बॉम्बवाल्यांचे सगळेच खोटे नाही आणि सगळेच खरेही नाही. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या रुंद पट्ट्यात पेट घेतो, अगदी बारीक ठिणगीने, आणि त्याची ज्योत भर दिवसा जवळजवळ दिसत नाही. घरच्या गॅसला वास मिसळलेला असतो म्हणून गळती कळते. हायड्रोजनमध्ये तसला गंधकाचा वास मिसळला तर फ्युएल सेलचे प्लॅटिनम निकामी होते. उलट बाजू अशी की तो हवेच्या चौदापट हलका आहे. उघड्यावर गळला तर क्षणात वर उडून विरतो, पेट्रोलसारखा गाडीखाली साचून राहत नाही. धोका आहे तो बंद शेडमध्ये, पत्र्याखाली. जून २०१९ मध्ये नॉर्वेत ओस्लोजवळचा एक पंप स्फोटात उडाला, तो उच्च दाबाच्या टाकीचे बोल्ट नीट न आवळल्यामुळे. आपल्याकडे सीएनजीचा सिलिंडर दर तीन वर्षांनी तपासून घेण्याचा नियम किती जण पाळतात, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे. सातशे बारच्या टाकीला तशी टाळाटाळ परवडणार नाही. मेकॅनिक, गॅरेज आणि तपासणीची यंत्रणा उभी होईपर्यंत ही गाडी गावात येऊ नये, असे आमचे मत आहे.

मग हायड्रोजन निकामी का? मुळीच नाही, आणि या पुस्तिकेचा शेवटचा भाग त्यासाठीच आहे. वर्ध्याजवळ भुगावला पोलादाचा मोठा कारखाना आहे, झोतभट्टीचा. झोतभट्टीत कोक दोन कामे करतो: उष्णता देतो आणि लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून काढतो. दुसरे काम बॅटरी करू शकत नाही. हायड्रोजन करतो, आणि ऑक्सिजन ओढून त्याचे पाणी करतो. टाटा स्टीलने एप्रिल २०२३ मध्ये जमशेदपूरच्या झोतभट्टीत हायड्रोजन सोडून पाहिला. स्वीडनमध्ये २०२१ मध्ये हायड्रोजनने केलेले पोलाद गिऱ्हाइकाच्या हाती पडले. युरियासाठीही हायड्रोजन लागतोच, तिथे तर दुसरा मार्गच नाही. जाम-हिंगणघाट मार्गाने हैदराबादकडे जाणारे लांब पल्ल्याचे ट्रक आणि समृद्धी महामार्गावरून मुंबईला निघालेले कंटेनर हे मधले क्षेत्र आहे: बॅटरीचे वजन तिथे मालाचे वजन खाते, आणि हायड्रोजनला संधी आहे. तिथली स्पर्धा अजून संपलेली नाही.

आणखी एक धागा थेट आपल्या शेतातून जातो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सेंटिएंट लॅब्जबरोबर पिकांच्या अवशेषांतून हायड्रोजन काढण्याच्या तंत्रावर काम केले आहे. वर्धा जिल्ह्यात कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटून बांधावर पेटवतात. तिच्यातून वायू मिळाला, तर तो रांजण निदान प्रवाहातून भरलेला असेल. कुमारप्पांना हे पटले असते असे वाटते. मात्र पऱ्हाटी गोळा करण्याची मजुरी कोण देणार, हे त्यांनी आधी विचारले असते.

पुस्तिका वाचताना आणि ती मिटून ठेवल्यावरही चार प्रश्न हाताशी ठेवा. हा हायड्रोजन कशापासून आणि कोणत्या विजेने केला? कुठे केला आणि इथवर कसा आणला? किलोचा दर पंपावरचा की कारखान्याच्या दारातला? आणि हेच काम बॅटरीने, सीएनजीने किंवा एसटीच्या बसने झाले नसते का? भाषणात, जाहिरातीत किंवा मोबाइलवर आलेल्या व्हिडिओत या चारांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर तो हायड्रोजनचा नव्हे, आशेचा व्यापार आहे असे खुशाल समजावे.

बोरगावच्या वाचकाला आमचा सल्ला सरळ आहे. गाडी घ्यायची असेल तर हायड्रोजनची वाट पाहत थांबू नका. ती तुमच्या दारात येण्याआधी आज घेतलेली गाडी जुनी झालेली असेल. पण भुगावचे पोलाद कोकऐवजी हायड्रोजनने कधी होणार, थळचा युरिया हरित कधी होणार, जामच्या चौरस्त्यावर ट्रकसाठी पहिला पंप कुणाच्या पैशाने उभा राहणार, हे प्रश्न आपल्या खासदाराला, आमदाराला आणि जिल्हाधिकाऱ्यांना आजच विचारा. अनुदान करातून जाते, तेव्हा ते कुठे पडते यावर आपला हक्क आहे. त्या प्रश्नांसाठी लागणारे आकडे आणि युक्तिवाद पुढच्या पानांत आहेत.

बोरगाव (मेघे), जि. वर्धा